गेलेल्या गड्यांची वाटणी

...आणि पुन्हा लॉर्नच! म्हणजे मी फक्त कॉफी घ्यायला उठलो होतो, साखर घातली होती पण ढवळलीसुद्धा नव्हती, तेवढ्यात पाठीमागून हा रेज म्हणतो, "घरचा गडी... लॉर्न मॅकफेल." झालं. वाटलंच होतं मला. सलग नऊ वर्षं. नऊ वर्षं आमच्या वेस्कोटात घरच्या गड्यांत लॉर्न पहिला जातो आणि मी नऊ वर्षं साखर ढवळतो. आता तुम्ही म्हणाल, ओरेस्ट डुडार जळतो. मी जळत नाही हं. मी फक्त सांगतोय.

आमचं कसं आहे, जानेवारीतला दुसरा शनिवार आला की सकाळी अकराला आम्ही आठ म्हातारे रिंकवरच्या कॅन्टीनमध्ये जमतो. बाहेर उणे चौतीस, गाड्या खांबाच्या विजेला वायरीनं जोडलेल्या, नाहीतर इंजिन गोठल्यावर संध्याकाळी सुरू कोण करणार त्यांना, आणि आत आम्ही जुन्या काळातल्या, बर्फावर खेळणाऱ्या थोर हॉकीवाल्यांना आपापसांत वाटून घेतो. वाटून म्हणजे खरोखर वाटून. लोकरी टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचा नंबर पहिला निघेल त्यानं पहिला गडी उचलायचा, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. एक गोलकीपर, दोन बचावाला, तीन पुढे. इर्मा फ्रीसन कॅन्टीन चालवते, तीच यादी लिहिते, आणि तिनं एकदा लिहिलं की ते दगडावर कोरल्यासारखं, खोडायचं नाही. मग चार वाजेपर्यंत भांडायचं. की माझा मोरेंझ तुझ्या एडी शोअरला कसा चकवेल, आणि तुझा जाक प्लांट गोलात उभा राहील की लोकरीच्या टोप्या विणत बसेल. विणायचा हो तो, खरंच विणायचा. मला यंदा गोलात टेरी सॉचक मिळाला. आमच्या युक्रेनियन रक्ताचा माणूस, तोंडावर चारशे टाके. रेजला गॉर्डी हाव मिळाला. रेजला दरवर्षी गॉर्डी हावच मिळतो. टोपी पण त्याचीच असते. मी काही म्हणत नाही, मी फक्त सांगतोय.

पण हे सगळं झालं की सातवा गडी. घरचा गडी. तो आमच्याच गावचा पाहिजे, आमच्या वेस्कोट बीव्हर्समधून खेळलेला. म्हणजे गॉर्डी हाव, मोरेंझ, सॉचक आणि त्यांच्या रांगेत आपला एक. आठही याद्या मग रिंकच्या दारातल्या फळ्यावर टाचण्यांनी लागतात आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथंच राहतात. तुम्ही आत शिरलात की पहिलं तेच दिसतं. माझी नातवंडं तिथं बाकावर बसून स्केट बांधतात हो! नाडी ओढता ओढता वाचतात, गॉर्डी हाव... लॉर्न मॅकफेल. मला विचारतात, "आजोबा, तुम्ही पण खेळायचात ना?" खेळायचात ना. अकरा हिवाळे बचावाला उभा होतो मी. पुढचे चार दात त्या बर्फात आहेत माझे.

मग तुम्हाला वाटेल, याला कुणी घेत का नाही? तर नियम आहे. फक्त गेलेले. म्हणजे वर गेलेले. जो जिवंत आहे तो चालत नाही.

आधी असं नव्हतं. आधी कुणालाही घ्या म्हणायचे. पण एका वर्षी रेजच्या भावाला कुणी घेतलंच नाही, आणि तो त्याच टेबलाशी बसलेला, तर तो उठला, कोट घातला आणि पुढची दोन वर्षं गावात कुणाशी बोलला नाही. रेजच्या मुलीच्या लग्नाला आला नाही, सख्खा काका! तेव्हा इर्मानं वही मिटली आणि म्हणाली, "इथून पुढे मेलेलेच. मेलेला रुसत नाही." तो कायदा झाला. बोस्टनकडून खेळलेला एक महापराक्रमी बचावपटू आहे, नाव घेत नाही, देव त्याला उदंड आयुष्य देवो, पण त्याचा विषय निघाला की आठही जण कसे हळहळतात म्हणून सांगू. ठणठणीत आहे म्हणून.

तर लॉर्न. लॉर्न माझा जोडीदार. डावीकडे तो, उजवीकडे मी. माझा मित्र होता, त्याच्या पेटीला पुढून खांदा मीच दिला, आणि रडलो, खोटं नाही सांगत. पण म्हणून जे झालं ते झालं नाही असं कसं म्हणू? चौऱ्याहत्तरची फायनल, शेजारच्या हाल्डन गावाविरुद्ध, तीन-तीन, शेवटचं मिनिट. चकती, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला आमचा चेंडू, आली माझ्याकडे. मी लांबून, निळ्या रेषेवरून मारली. सणसणीत. आणि लॉर्न समोर वाकून उभा होता. का वाकला होता? कारण त्याचा हातमोजा पडला होता, तो उचलत होता. चकती लागली त्याच्या ढुंगणाला आणि गेली आत. आता हॉकीत शेवटी ज्याला लागली त्याचा गोल. कागदावर गोल लॉर्नचा. ठीक आहे. चाळीस वर्षं लॉर्न स्वतः सांगायचा, "मारला ओरेस्टनं, मी फक्त बसायची जागा पुढे केली." सगळे हसायचे. मीही हसायचो.

आणि मग तो गेला. पहिल्या वर्षी रेज म्हणाला, "लॉर्ननं अंदाज घेऊन चकती वळवली." दुसऱ्या वर्षी, "पाठमोरा असून वळवली, बघितलंसुद्धा नाही." चौथ्या वर्षी ढुंगण गायब. सहाव्या वर्षी काठी आली. यंदा, माझ्या समोर बसून, माझी पेरोगी, आमची ती बटाटा भरून उकडलेली करंजी, खात, रेज सांगतो, "तिघांना चकवून गेला आमचा लॉर्न, एकटा, आपल्या गोलापासून त्यांच्या गोलापर्यंत." एकटा! मी कुठे होतो तेव्हा? मी तिकीट काढून बघायला आलो होतो का? मी म्हटलं, "रेज, तो हातमोजा उचलत होता." तर रेज डोक्यावरची टोपी काढतो, छातीशी धरतो आणि म्हणतो, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, ओरेस्ट." सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे खेळात माणूस म्हातारा होत जातो आणि मेला की दरवर्षी सुधारतो. मी जळत नाही हं...

जळतो. का खोटं बोलू? मेलेल्या मित्रावर जळतो मी. रात्रंदिवस नाही, पण जानेवारीत जळतो.

बरं, आता ऐका. आठातला आठवा म्हणजे बर्ट. बर्ट आमचा जुना सेंटर, पुढच्या तिघांतला मधला, गुडघ्यांसाठी सहा वर्षांपूर्वी केलोनाला राहायला गेला, उबेत. तो फोनवरून खेळतो. फोन आम्ही साखरेच्या बरणीला टेकवून ठेवतो, आवाज मोठा करून. त्याचा नंबर यंदा शेवटचा होता. बाकी सगळ्यांचे घरचे गडी लिहून झाले, आणि इर्मा म्हणाली, "बर्ट, तुझा?"

बर्ट खाकरला. म्हणाला, "मी यंदा ओरेस्ट डुडारला घेतो."

माझी पेरोगी अर्ध्यात. आणि बर्ट पुढे बोलायला लागला, आणि आवाज ओला. "ऑक्टोबरात कळलं मला. यायला जमलं नाही, मनाला फार लागलं. काय गडी होता. अंगावर येणाऱ्याला असा अडवायचा की तो पुढच्या आठवड्यात उठायचा. आणि एक सांगतो, आता तो नाही म्हणून सांगतो, तोंडावर कधी म्हणालो नाही... तो चौऱ्याहत्तरचा गोल ओरेस्टचा होता. लॉर्नच्या नुसता ढुंगणाला लागला. मी मागेच होतो, मी बघितलाय."

तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं. पन्नास वर्षं मी हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबलो होतो. माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. माझा चुलतभाऊ, काकांचा मुलगा, तोही ओरेस्ट डुडार. आजोबांचं नाव दोघांनाही ठेवलेलं, कारण दोन्ही सुनांना सासऱ्याला खूष करायचं होतं. तो गेला ऑक्टोबरात. बर्टनं पेपरात नाव वाचलं आणि मला पोचवला.

रेजनं तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. तोंडावर बोट ठेवलं. सगळ्यांना हात जोडले हो मी, खरोखर जोडले, की बोलू दे, त्याला बोलू दे. आणि बोलला तो. माझ्या उलट्या फटक्याबद्दल बोलला. हाल्डनच्या दोघा भावांना मी एकाच वेळी कठड्यावर बसवलं होतं त्याबद्दल बोलला, मी स्वतः विसरलो होतो. मी डोळे मिटून बसलो होतो. इर्मा लिहीत होती. पेन्सिलीचा आवाज येत होता मला. ओ... रे... स्ट. सॉचकच्या तोडीचा नव्हे, पण त्याच्या शेजारच्या कागदावर. फळ्यावर. नातवंडं नाडी ओढतायत आणि वाचतायत.

पण इर्मा दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते. तिनं पेन्सिल ठेवली. म्हणाली, "बर्ट, तो इथंच बसलाय. पेरोगी खातोय."

"कोण?"

"ओरेस्ट. तू म्हणतोस तो. गेला तो त्याचा चुलतभाऊ."

मग बर्ट म्हणाला, "म्हणजे जिवंत आहे?"

मी म्हटलं, "आहे रे बर्ट, पण तू बोल, माझं काही म्हणणं नाही."

"अस्सं," बर्ट म्हणाला. आवाज एकदम कोरडा. "मग कसा आहेस, ओरेस्ट?"

"बरा आहे."

"छान. इर्मा, मग अजून कोण गेलंय?"

बघा! कोण गेलंय! मी म्हटलं, "बर्ट, तो गोल..." तर म्हणतो, "हो, तो लॉर्नचाच म्हणायला पाहिजे ना, शेवटी त्यालाच लागला." रेज नडगी चोळत म्हणाला, "तिघांना चकवून." आणि इर्मा वहीकडे बघत होती, कारण वहीत लिहून झालं होतं आणि इर्मा खोडत नाही. तर ती म्हणते, "बर्ट, नाव लिहिलंय ते राहू दे. ओरेस्ट डुडार. तो दुसरा तर गेलेलाच आहे."

मी उभा राहिलो. म्हटलं, "इर्मा, तो कधी खेळला? तो रिंकवर सूर्यफुलाच्या बिया विकायचा. स्केट घालून त्याला उभं राहता येत नव्हतं. एकदा आमच्या टीमच्या फोटोत आला तोही चुकून, बिया द्यायला आला होता म्हणून."

"फोटोत आहे ना," बर्ट म्हणाला. "मग बीव्हर्सचाच की. घेतला."

आणि रेजनं, तुम्हाला सांगतो, रेजनं टोपी काढली. छातीशी धरली. म्हणाला, "शांत स्वभावाचा गडी होता." टेबलाभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. पुढच्या वर्षी हा बियावाला बचावाला उभा राहणार, लिहून ठेवा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी हाल्डनच्या दोघा भावांना कठड्यावर बसवणार!

मी कोट घातला आणि घरी आलो. माझी बायको नेटी स्वयंपाकघरात पीठ मळत होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिनं विचारलं, "काय रे, घेतलं का यंदा तुला कुणी?"

मी बूट काढता काढता म्हटलं, "घेतलं होतं गं. पण मी जिवंत निघालो."

तिनं हात थांबवला नाही. पीठ उलटं केलं, थापटलं आणि म्हणाली, "कुठलं काम तू कधी वेळेवर केलंयस?"