दोन होड्या व तंजावुरी बाहुली

वाचकहो, सन १९९४ साली तंजावूरच्या बसस्टँडवर एका वयस्क दांपत्यात होड्यांच्या स्थैर्याविषयी झालेली चर्चा मी येथे यथाश्रुत सादर करीत आहे.

“अहो, समुद्रात दोन्ही होड्यांत बसून पाहणारच?”

“गंगा, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी मी. न बसता कोणती घ्यायची, कसं सांगू?”

“तुम्हांला पोहता येतं?”

“होडीला येतं ना! अॅल्युमिनियमची हलकी, लाटेवर उड्या मारते म्हणतात. फायबरची जड, कमी डोलते.”

“आणि उलटली तर?”

“वजन बुडाशी असलं की नाही उलटत. आपल्या घरातली डोलती बाहुली कितीही ढकल, पुन्हा उभी राहते ना? तसं.”

“म्हणजे बुडाशी कुणी जड माणूस बसला, तर धोका कमी?”

“बरोबर! पण असा माणूस आणू कुठून?”

“सरका. मीही येते.”

“अय्यो! तू कावेरीच्या पुलावर डोळे मिटून घेतेस!”

“होडीतही मिटेन. डोळे मिटल्यानं वजन कमी होत नाही.”

तेवढ्यात समुद्राकडे जाणारी पट्टुकोट्टैची बस लागली. गृहस्थांनी तिकिटे दोन मागितली.

वाचनाचे श्रम घेतल्याबद्दल आपला ऋणी,
तुळजाजी घाटगे