काकनांची वळख

माझं म्हायेर उंब्रजचं. लहानपनी शाळंचं तोंड बघितलं न्हाई, आन् जल्म गेला शाळंतच, काय सांगू तुमाला. मालक रेल्वेत, म्हनून मिरजंला आले, आन् दुष्काळाच्या साली तितल्या आंधळ्या पोरांच्या शाळंत आया म्हनून लागले. न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, समदं.

तवा शेवंता आली. सात वर्साची, दिसत न्हाई आन् ऐकूबी येत न्हाई. घरी तिला गोठ्यात दाव्यानं बांधायचे. गुरुजी म्हनले, आसल्या पोरीला कसं शिकवायचं ते आमालाच ठावं न्हाई, दिवाळीपतूर बघू, हातानं जेवाय लागली तर ठिऊ. आवं, लय चावायची ती. मग मी जवळ गेले की आदी माझं मनगट तिच्या हातात द्यायचे. हिरवी काकनं एकेक करून चाचपायची, मग गप व्हायची. तिच्या तळव्यावर थापटलं की भाकरी, गालावनं बोट फिरवलं की पानी. आसं करत करत नवरात्रात तिनं सवताच्या हातानं घास घेतला. मी रडले, खोटं कशाला सांगू.

दसरा झाला आन् मालक गेले. गावाकडं नेलं, बायकांनी माझी काकनं फोडली, चालच हाय ती. तेरावं उरकून आले तशी शेवंताकडं गेले, मनगट दिलं. तिनं चाचपलं, पार कोपरापतूर चाचपलं, आन् मला ढकलून दिलं. तवापासनं अन्नाला शिवंना. मला कळत व्हतं, दोन काकनं घातली की भागतंय. पर सासू संगं ऱ्हायला आलेली, लोक काय म्हनतील, ह्यातच मी आठ दिस घालवलं. गुरुजींनी बापाला बोलवून घेतलं.

न्यायच्या दिवशी मातूर सैपाकीनबाईची दोन काकनं मागून घातली आन् फाटकात तिचा हात धरला. तिनं चाचपलं, आन् माझ्या तळव्यावर थापटलं. भाकरी मागितली वो तिनं. गुरुजी म्हनले, बाई, नाव कमी केलंय, तिची जागा दुसऱ्याला दिली. मी भाकरी आनाय आत पळाले, येईस्तवर टांगा गेलेला.

आता तसलीच आनिक एक पोर आलीया. तिला मी अंगठ्यावरचा विळीचा वण चाचपाय देती. काकनं काडली न्हाईत, सासू बोलंना झालीया, ऱ्हाऊ दे. शेवंता काय परत यायची न्हाई, मला ठावं हाय. देवानं तिचं दावं तेवढं सोडवावं.