तीन वाट्या मैदा, एक वाटी पावडर

सासूबाई : खोटं बोलू नकोस. या केकमध्ये काय घातलंयस?

सून : काही नाही हो आई. मैदा, अंडी, साखर. नेहमीचंच.

सासूबाई : अठ्ठेचाळीस वर्षं बेकरी चालवली मी. मैद्याचा केक असा चावत बसावा लागत नाही. हा बघ, दाबला की परत उसळतो. टायरला ठिगळ म्हणून चालेल.

सून : ओव्हन जरा जास्त तापला असेल.

सासूबाई : सलग आठवडाभर? आणि मागाहून जिभेवर ते पिठूळ काहीतरी रेंगाळतं. औषध आहे का?

सून : औषध नाही. माझी प्रोटीन पावडर आहे. शाळेतल्या मुलांना मैदानावर पळवून आले की मी पिते ना, तीच. तुम्हाला दुधातून दिली, तर तुम्ही कुंडीत ओतलीत. मग म्हटलं, केकमधून जाईल.

सासूबाई : मैदा किती घातलास?

सून : नाही घातला. सगळी पावडरच. म्हटलं, जितकी जास्त तितकी बरी.

सासूबाई : अगं देवा! अति तिथे माती, हे मुलांना शिकवत नाही वाटतं पीटीच्या बाई? आणि चोरून कशाला? मी काय तान्हं मूल आहे, मधातून चाटण द्यायला?

सून : विचारलं असतं तर खाल्लं असतंत?

सासूबाई : नसतं. पण ते मी ठरवलं असतं. आजारातून उठल्यापासून या घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. वीट आलाय मला. आणि एवढी घाई कसली होती? रोज दोन-दोन तुकडे, वर माझा दंड चाचपून बघायचा.

सून : जाऊ दे ना आई.

सासूबाई : बोल.

सून : आज अकराला माणसं येतायत. खालच्या बेकरीतली भट्टी न्यायला. यांनी विकली.

सासूबाई : माझी भट्टी?

सून : आजारानंतर तुम्ही पहिल्यांदा खाली गेलात आणि भरलेला ट्रे पायावर पडला ना, तेव्हापासून धसकाच घेतलाय त्यांनी. मी भांडले. म्हटलं, ताकद येऊ दे, त्या स्वतः ट्रे उचलून दाखवतील. तर म्हणाले, आठवडा देतो. तो आज संपला.

सासूबाई : आणि आठवड्यात माझे दंड भरणार होते?

सून : नाही भरत, माहितीये मला. महिने लागतात. पण स्वस्थ बसवेना.

सासूबाई : किती वाजले?

सून : साडेनऊ.

सासूबाई : काठी दे. तो पावडरचा डबा घे, मैदा-साखर घे, केळी घे, दही, अंडी घे. खाली चल.

सून : आई, जिना...

सासूबाई : बसत बसत उतरेन. पण उतरेन.

(खाली, बेकरीत. चार महिने बंद असलेली भट्टी घुरघुरत सुरू होते.)

सासूबाई : आता बघ नीट. तीन वाट्या मैद्याला एक वाटी पावडर, वर चिमूटभरही नाही. ही बया पाणी पिते, म्हणून केळी आणि दही. आच कमी. मधे जरासा ओलसर वाटला तरी बाहेर काढायचा, उरलेला आपोआप शिजतो.

सून : असा केक केलाय तुम्ही कधी?

सासूबाई : आत्ता करतेय की. अगं हळू घोट, कवायत नाही चाललेली!

सून : ट्रे मी ठेवते आत.

सासूबाई : एकटी नको. दोघी धरू. भरला ट्रे एकटीनंच उचलायचा, हा नियम माझाच होता. आज मोडला. सरक जरा... हां. लाव दार.

सून : यांचा फोन येतोय.

सासूबाई : स्पीकरवर टाक.

मुलगा : अगं, ती माणसं निघालीत. आईला वर टीव्हीसमोर बसव आणि आवाज जरा मोठा...

सासूबाई : आईच बोलतेय.

मुलगा : आई... मी सांगणारच होतो गं.

सासूबाई : कधी? रिकामी जागा दाखवून?

मुलगा : पुन्हा ट्रे पडला तर? मला तू हवीयस, भट्टी नको.

सासूबाई : मला दोन्ही हवंय. हॉस्पिटलात तू माझं सगळं केलंस, ते मी विसरणार नाही. म्हणून मला न विचारता माझं विकशील?

मुलगा : शब्द दिलाय मी त्यांना.

सासूबाई : मग तो तूच फिरव. सांग, भट्टी गरम आहे. गरम भट्टी कोणी हलवत नाही.

मुलगा : बरं, दुपारी बोलावतो. गार व्हायला किती वेळ लागेल?

सासूबाई : मी आहे तोवर नाही व्हायची. ठेव आता, आम्हा दोघींना ट्रे काढायचाय.