टपात उतरवलेली जर्मन गाडी

आमच्या बाबांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघणं महाकठीण. गेला पावसाळाभर खपून मी महायुद्धातल्या एका जर्मन लष्करी गाडीचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडलं. तळहाताएवढं. खरी गाडी रस्त्यावर चालायची आणि मागचा पंखा लावला की पाण्यातही जायची. हे मी बाबांना सांगितलं, तिथेच चुकलं. मालवणात जन्मभर मासेमारी केलेला माणूस; मला, लेकीला, चेडूच म्हणणारा.

"चेडवा, पाण्यात जाता म्हणतंस, मगे उतरवून दाखय."

"बाबा, ती शोभेची आसा. रंग जातलो."

"मगे पाण्यात जाता म्हणान सांगा नको."

आता माघार कुठली? मी धुण्याचा टप पाण्याने भरला.

"थांब गो," म्हणत बाबा आतून नारळ घेऊन आले. नारळ दिल्याशिवाय आमच्या घरातलं काहीही पाण्यात उतरत नाही. टपापुढे त्यांनी नारळ फोडला, हात जोडले आणि मी गाडी पाण्यात सोडली. नाक जरा वर करून ती डुलत राहिली. आत थेंब शिरला नाही.

बाबा खोबऱ्याचे तुकडे घेऊन जेटीवर निघाले. मी मागोमाग गेले. तिथे कुणीतरी विचारलं, "कसलो रे प्रसाद?"

"नवी बोट पाण्यात सोडली," बाबा म्हणाले. "आमच्या चेडवान बांधल्यान."