रांग लांब का होते?

काकूंच्या घरी आठवडाभर पाणी नव्हतं. नळाची तक्रार घेऊन त्या पालिकेच्या रांगेत उभ्या होत्या आणि खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद व्हायला आली होती. त्यांच्या पुढ्यात लोकप्रशासन शिकणारी दोन पोरं बोलत होती.

"आपल्या प्रकल्पाचा विषय काय रे?"

"रांग लांब का होते. तू आपल्याच गटात आहेस ना?"

"म्हणजे काय! समन्वयक आहे मी. बाकीचे कुठे उलथलेत?"

"पुढे उभेत. रांगेचा अनुभव प्रत्येकाने स्वतः घ्यायचा, असं सरांनी बजावलंय."

"आणि त्यांच्या पुढचे?"

"तो दुसरा गट. त्यांनी खिडकीवरच्या साहेबांना प्रश्नावली भरायला बसवलंय."

"म्हणून रांग सकाळपासून हलत नाहीये होय!"

"लिहून घे. निष्कर्ष: कर्मचारी संथ."

काकूंना राहवलं नाही. "बाळांनो, तुमचं इथे काही काम नाही ना? मग मला पुढे जाऊ द्या."

"छे, काकू! मध्ये घुसलात तर आमचं सर्वेक्षण बिघडेल."

तेवढ्यात खिडकी धाडकन बंद झाली.

"काकू, निघालात कुठे? थांबा ना! अख्ख्या रांगेत नागरिक म्हणून तुम्ही एकट्याच आहात."