एक पिंप, एक पेला

…आन् वर मंडळातली पोरं मलाच इचारतेत, सेक्रेटरी, तोंड का लपवायलास? आता तोंड लपवू नको तर काय गावभर मिरवू? तुम्ही परगावची माणसं, तुम्हाला सांगतो, आधी सगळं ऐका आन् मग काय शिव्या द्यायच्यात त्या द्या. पण एक ध्यानात ठेवा, माझ्या मनात काय बी नव्हतं.

सुरुवात केली विरुपाक्षनं. हा आमचा विरुपाक्ष धाराशिवला कॉलेजात व्हता, औंदा दुष्काळ पडला तसा गावाकडं आला आन् आमच्यासारखाच सरकारी कामावर खडी फोडायला लागला. पण कॉलेज काय डोक्यातनं जाईना. दुपारच्याला लिंबाखाली बसून पेपर वाचायचा, आन् पेपर तरी कसला, कुणीतरी भाकरी बांधून आणलेला, चार दिवसांचा शिळा… एक दिवस उभाच राहिला, "मित्रहो, तिकडे व्हिएतनाममध्ये माणसं माणसांना मारत आहेत, आणि आपण इथे नुसती खडी फोडत आहोत." म्या म्हणलं, विरू, आपण खडी फोडायची थांबलो तर तिकडली थांबतील का? पण ऐकतो कुठं? जागच्या जागी मंडळ काढलं. विश्वशांती नवजवान मंडळ. तो अध्यक्ष, मी सेक्रेटरी, का तर माझ्याकडं सायकल हाय, गुलाब उपाध्यक्ष, आन् राहिलेले दोघं सभासद, कारण कुणाला तरी सभासद व्हावंच लागतंय.

गुलाब म्हंजे आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतला, भिमाबाईचा गुलाब. पहिलीपास्नं मॅट्रिकपतूर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो, आजकाल न्हाय, चड्डीत व्हतो तवापास्नं. तर पहिल्याच मीटिंगला विरुपाक्ष अमेरिका, रशिया, चीन असं एकेकाला समज द्यायला लागला, आन् गुलाब हळूच म्हणाला, "ती लई लांब हायती. आपल्या खडीवर पाण्याचं पिंप एकच हाय. गाव पेल्यानं पितंय, आन् आमच्या वस्तीला वरनं वाढतेत, आमी ओंजळीनं पितो. तिथनं सुरू करू."

मग विरुपाक्ष म्हणाला, "ठराव मंजूर." एक पिंप, एक पेला. विश्वशांतीचं पहिलं पाऊल. आता पाणी द्यायला उभं कोण राहणार? म्या हात वर केला. कुणी जबरदस्ती केली का? न्हाय. आपल्या आपण केला. घरातनं आईचा नवाकोरा स्टीलचा पेला आणला, कशाला पाहिजे ते मात्र आईला सांगितलं न्हाय. तिथंच ओळखायला पाहिजे व्हतं म्या मला. पण तुम्हाला सांगतो, मनात काय बी नव्हतं.

कार्यक्रम सोमवारी, भर बाराला. विरुपाक्षनं पाऊण तास भाषण केलं. ऊन असं की खडी हातात धरवंना, माणसांच्या जिभा टाळूला चिकटलेल्या, आन् हा सांगतोय, "जग ही एक पंगत आहे." मुकादम आबाराव म्हणाले, "बाबा विरुपाक्ष, पंगत राहू दे, पाणी वाढ आधी." मग मी उठलो. मलाबी दोन शब्द बोलायचे व्हते ना, सेक्रेटरी मी. म्हणलं, आजपास्नं ह्या पिंपापाशी कुणी वरचा न्हाय आन् कुणी खालचा न्हाय. टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या.

मग आबाराव पेल्यानं प्याले. गावातली सारजाबाई प्याली. कमलबाई प्याली. पेला माझ्या हातातनं त्यांच्या हातात, त्यांच्या हातातनं माझ्या हातात, कसं शिस्तीत चाललेलं. आन् म्होरं आली भिमामावशी. हसली, म्हणाली, "दे रं लेकरा." जन्माची सवय, तिनं ओंजळ धरली. आता म्या काय करायचं? म्हणायचं, मावशी, ओंजळ सोडा, हा घ्या पेला. एवढंच. पोपटबी बोलला असता. तर माझ्या उजव्या हातानं तांब्या बुडवला, वर उचलला, वीतभर वर, आन् धार सोडली… आन् पेला? पेला डाव्या हातात. छातीशी धरलेला, तान्हं लेकरू धरावं तसा. मावशी प्याली, तोंड पुसलं, बाजूला झाली, तवा कुठं मला पेला दिसला.

आन् खरी शरम पुढंच हाय. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विरुपाक्षनंबी वाजवल्या. एकटा गुलाब बघत व्हता. माझ्याकडं न्हाय, पेल्याकडं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्या ओरडून सांगणार व्हतो, गुलाब, मनात काय बी नव्हतं रे. पण मनात नसताना हात असा चालतो, तर मनात असताना काय करील, हे त्यानं इचारलं असतं तर म्या काय सांगणार?

म्हणलं, माफी मागावी. दुसऱ्या दिवशी सकाळीच वस्तीवर गेलो. गुलाब घरी नव्हता. ठरवूनच गेलतो, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं, म्हंजे फिटलं. म्हणलं, मावशी, घोटभर पाणी द्या. मावशी म्हणाली, "कुठलं पाणी बाबा. आमचा आड आटलाय. तुमच्या हिरीवर जाऊन बसतो, कुणी येऊन वाढलं तर घागर भरती. काल सांजच्यापास्नं कुणी आलंच न्हाय."

आता काय बोलता? म्हणलं, चला, मी येतो. हिरीवर गेलो, तिथं वस्तीतल्या आणखी सहा-सात बाया घागरी मांडून बसलेल्या. वरच्या पायरीला आमच्या भावकीतल्या बायका, आमची चुलती मालनबाई कमरेवर हात देऊन उभी. दोर भिमामावशीच्या हातात द्यायचं मनात आलं, खरंच आलं. चुलतीकडं बघितलं, आन् पोहरा म्याच ओढला. सगळ्यांच्या घागरी भरल्या. वरनं. बाया म्हणाल्या, "लई पुण्य लागंल, बाबा." आशीर्वाद ही चीज अशी हाय, परतबी करता येत न्हाय.

तवापास्नं रोज सकाळी सातला मी हिरीवर. विरुपाक्षनं मंडळाच्या फळ्यावर लिहिलंय, सेक्रेटरींची अखंड जलसेवा. गुलाब मात्र मंडळात यायचा बंद झाला. परवा, बायांच्या रांगेत, गुलाब स्वतः घागर घेऊन उभा. मावशीला ताप व्हता. म्या इकडं तिकडं बघितलं न्हाय, दोर त्याच्याम्होरं धरला. म्हणलं, घे, तूच वढ.

गुलाब दोराकडं बघत म्हणाला, "मी वढतो. मग रातच्याला गाव आमच्या वस्तीवर चालून आलं, तर तू आमच्या दारात बसणार हाईस का?"

मी दोर परत आपल्या हाताला गुंडाळायला लागलो. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, खरं सांगतो, बघितली त्यानं वाट. मग घागर खाली ठेवली आन् म्हणाला, "वाढ. मला खडीवर जायला उशीर व्हायलाय."

वाढलं. काय करता? वीतभर वरनं, बारीक धार, बरोबर घागरीच्या तोंडात… पण एक थेंब सांडला न्हाय हां. हात बसलाय आता माझा.