टिल्लूची सोबत

हॉटेलच्या रांगेत मास्तरांनी बॅग खाली टेकली, पण कान पुढच्या गिऱ्हाइकाकडेच होते.

"कुत्रा चालेल साहेब," काउंटरवरची बाई सांगत होती, "पण खोलीत एकटा ठेवायचा नाही. भुंकून सगळं हॉटेल डोक्यावर घेतात."

"एकटा कशाला? त्याच्यासाठी आईला मुद्दाम आणलंय ना!"

"जेवणाच्या हॉलमध्येही बंदी आहे."

"मग आई त्याच्याबरोबर खोलीतच जेवेल. आम्ही दोघं तेवढं सगळं बघून येतो. त्याच्या फिरण्याचं काय?"

"आमचा माणूस रोज दोनदा समुद्रावर नेतो. नाव सांगा, लिहून घेते."

"टिल्लू. आई, चालेल ना गं?"

सोफ्यावरच्या आईने मांडीवरच्या टिल्लूला थोपटलं.

"न चालायला काय झालं? अहो ताई, टिल्लूच्या खाली माझंही नाव लिहा. आणि त्या माणसाला सांगा, म्हातारी चावत नाही."